परत द्यायची किल्ली

त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्याच विहिरींनी तळ दाखवला आणि विहीर खोल करून घ्यायला माणसं दारात येऊन उभी राहू लागली. नेमका तेव्हाच मुंगळा घरी बसून होता. काम नव्हतं म्हणून नव्हे. वर दोर धरणारा नव्हता म्हणून.

दोर धरायचा तो खुंटा. दुसरे विहीरवाले जमिनीत पहार ठोकतात आणि दोराचे वेढे तिला देतात. याला पहार लागत नसे. दोर कमरेभोवती घ्यायचा, पाय रोवायचे आणि उभं राहायचं, म्हणून तो खुंटा. खाली उतरायचा तो मुंगळा. बुटका, काळा, चिवट. एकदा दगडाला लागला की सुटायचं नाव नाही. दोघांची नावं लोक एका दमातच घेत. पण खुंट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ठरलेल्या वारी शहरात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं आणि बाकीचे दिवस सुजलेले पाय घेऊन अंगणातल्या बाजेवर बसायचं, एवढंच आता त्याच्या हातात राहिलं होतं.

मुंगळ्यानं दुसरा माणूस धरून पाहिला. काम चालू असताना त्या माणसाचा फोन वाजला आणि त्यानं एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं तो कानाला लावला. मुंगळा वर आला, त्याच्या हातातला दोर काढून घेतला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि घरी आला. तेव्हापासून तो बसला होता.

"मग मी धरते दोर," सुतळी म्हणाली.

सुतळी म्हणजे त्याची बायको. ती गोदामात फाटकी पोती शिवायची आणि अंगानं काटकुळी होती, म्हणून तिथल्या हमालांनी ठेवलेलं हे नाव. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

मुंगळ्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोडशील."

"इतकी वर्षं झाली लग्नाला. सोडलं का तुम्हाला?"

 दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं विहिरीवर गेली. लहान पोरीला शेजारी सोडलं होतं. मुंगळ्यानं पहार ठोकली, दोराला वेढे कसे द्यायचे, ओढ आली की अंग मागे कसं टाकायचं ते बायकोला दाखवलं. दोर कमरेला बांधला, काठावर बसला, पाय आत सोडले आणि हात पुढे केला.

"काय?"

"काहीतरी दे तुझं."

"आता इथं काय देऊ?"

"काहीही दे. मोकळ्या खिशानं उतरत नाही मी. वरच्यानं आपली एखादी वस्तू खालच्याच्या खिशात घालायची आणि वर आलं की त्यानं ती परत करायची. दुसऱ्याची वस्तू घेऊन माणूस खाली राहत नाही."

"भाऊजी काय देतात?"

"तंबाखूची डबी. नाहीतर चष्मा. एकदा त्याचा दात पडला होता नुकताच, तो दिला."

"शी! परत केलात?"

"मग काय ठेवून घेऊ? त्याचा दात तो."

सुतळीला हसू फुटलं. तिच्याजवळ पोती शिवायची दाभण होती, बाटलीच्या बुचात खोचलेली. तिनं ती बुचासकट त्याच्या खिशात घातली. तो खाचांमध्ये पाय देत देत उतरत गेला आणि सावलीत दिसेनासा झाला.

ऊन चढेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. खालून कुदळीचा आवाज यायचा, बादलीच्या दोराला हिसका बसला की ती दगडांची बादली कप्पीवरून वर घ्यायची. मग एकदा आवाज वेगळा आला. आधी खरखर, मग धप्प, आणि मुंगळ्याच्या कमरेचा दोर एकदम ताणला गेला. पहार वाकली. दोर तिच्या तळहातांवरून सरकला आणि कातडं सोलून निघालं. हात आपोआप उघडू पाहत होता. सोडावा, असं तिला वाटलं. मनात येऊन गेलं असं नव्हे, चांगलं स्पष्ट वाटलं. तिनं सोडला नाही. अंग मागं टाकून, टाचा मातीत रुतवून ती तशीच ओरडत राहिली, आणि काय ओरडत होती ते तिला नंतर आठवलं नाही.

मुंगळा वर आला तेव्हा धुळीनं पांढरा झाला होता आणि कपाळातून रक्त येत होतं. विहिरीच्या बाजूचा एक कपचा सुटला होता. तो काठावर बसला, खिशात हात घातला आणि बूच काढून तिच्यासमोर धरलं. "घे. तुझं तुला."

तिच्यानं घेववेना. हाताची आग होत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "खुंटा असता तर दोर हललाही नसता." तिला लागेल म्हणून तो बोलला नव्हता, पण तिला लागलं.

संध्याकाळी दोघं खुंट्याकडे गेली. खुंटा बाजेवर होता, तोंड सुजून चेहरा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा झालेला. त्याची बायको, जिला सुतळी नुसतं वहिनी म्हणायची, त्याला छोट्या वाटीनं पाणी मोजून देत होती. दिवसाला ठरलेलं तेवढंच, वर थेंब नाही.

"बघ रे," खुंटा म्हणाला, "जन्मभर लोकांचं पाणी काढलं आणि ही मला वाटीनं पाजते. वर उरलेलं स्वतः पिते."

"पिते तर पिते. तुम्ही मुकाट्यानं घोट घ्या," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं स्वतःची किडनी द्यायची तयारी केली होती, पण तिच्या रक्तात साखर निघाली. खुंट्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, मूलबाळ नव्हतं. यंत्रावर तो दर वेळी आणखी थकून येत होता आणि गेल्या खेपेला तिथंच बेशुद्ध पडला होता.

मुंगळा बाजेच्या कडेला टेकला. आपल्या गुडघ्याकडे बघत तो म्हणाला, "माझं रक्त जुळलंय."

कुणाला काही कळलं नाही.

"तपासून आलो. सगळं जुळलं म्हणाले डॉक्टर. माझी एक घेता येईल."

वहिनीच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग ती उठून आत गेली आणि ती दोघं निघेपर्यंत बाहेर आली नाही. खुंटा मात्र भडकला. "तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितली? लेकराचा बाप आहेस तू!"

"तू गप रे."

"गप काय गप! मी घेणार नाही."

"घेणार नाहीस तर मग वर दोर कोण धरणार? ही?" मुंगळ्यानं बायकोचा हात धरून त्याच्यासमोर उलटा केला. तळहातावर फडकं बांधलेलं होतं. खुंट्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

दोघं घरी आली. सुतळीनं दार लावलं आणि मग तिचा बांध फुटला.

"मला विचारलंत?"

"विचारतोय ना आता."

"रक्त तपासून आल्यावर? सगळ्यांसमोर सांगून झाल्यावर?"

"आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! आपली पोरगी अजून स्वतःच्या चपला उलट्या घालते. तुम्ही जमिनीत उतरणारा माणूस. एका किडनीवर उतरता येतं का?"

"डॉक्टर म्हणतात, येतं."

"डॉक्टर उतरलेत का कधी विहिरीत?"

मुंगळा हसला नाही. तो जमिनीवर आडवा झाला आणि वर आढ्याकडे बघत म्हणाला, "मी खाली असताना वर बघतो ना, तेव्हा उजेडाचा एक तुकडा दिसतो आणि त्यात त्याचं डोकं. तेवढंच दिसतं. इतकी वर्षं मी तेच बघत आलोय." मग तो कुशीवर वळला. सुतळीला रडू आलं ते त्या बोलण्याचं की भीतीचं, ते तिला समजलं नाही.  पोती शिवताना दाभण कापडात घुसली की तिच्या अंगावर शहारा यायचा.

शहरातल्या इस्पितळात एक बाई होत्या. त्यांचं काम समजावून सांगण्याचं. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी चौघांना समोर बसवलं. "देणारा नात्यातला असता, तर गोष्ट इथल्या इथं झाली असती," त्या म्हणाल्या. "पण तुमचं काही नातं नाही. म्हणून सरकारची समिती तुम्हाला बोलावून विचारणार. तिनं मंजुरी दिली तरच शस्त्रक्रिया. लोक किडन्या विकतात, गरिबाला फसवून काढून घेतात, धमकावतात. ते तसं नाही ना, हे समितीला बघायचं असतं. मैत्री किती जुनी, काही घेणंदेणं झालंय का, सगळं विचारतील. चौघांना वेगवेगळं. जे खरं असेल ते सांगा. दोघांचा एकत्र फोटो आणा, जुना असेल तर बरंच."

खुंटा आणि मुंगळा एकमेकांकडे बघू लागले. एकत्र फोटो नव्हता. असणार कसा? एक वर असला की दुसरा खाली. शेवटी वहिनीनं घर पालथं घालून एक फोटो काढला. खुंटा विहिरीच्या तोंडाशी पाय फाकवून उभा आहे, कमरेला दोर आहे, आणि दोर खाली काळोखात गेला आहे.

"यात दुसरे कुठे आहेत?" पुढच्या खेपेला बाईंनी तो बघून विचारलं.

"मी दोराच्या टोकाला आहे," मुंगळा म्हणाला.

निघताना त्या बाईंनी सुतळीला एकटीला मागे थांबवलं. दार लोटून घेतलं. "तुमचीही संमती लागते. कुणाचा धाक आहे का तुमच्यावर?"

सुतळीनं नाही अशी मान हलवली.

"घाबरू नका. तुम्हाला नको असेल तर समितीसमोर तसं सांगा. बाहेर कुणाला कारण कळत नाही. मंजुरी मिळाली नाही, एवढंच आम्ही सांगतो. तुमचं नाव येत नाही."

हे सुतळी मनात घेऊन घरी आली आणि तिनं ते कुणापुढे काढलं नाही. भात शिजत असताना, पोरीची वेणी घालताना, गोदामात पोत्यांच्या ढिगाशी बसलेली असताना ती ते पुन्हा पुन्हा आठवायची. तुमचं नाव येत नाही. मुंगळ्याला वाटेल सरकारनं नाही म्हटलं. खुंट्याला वाटेल सरकारनं नाही म्हटलं. वहिनी तिच्याच गळ्यात पडून रडेल. आणि आपला नवरा आपल्याजवळ धडधाकट राहील. एवढ्यात मग खुंट्याचा सुजलेला चेहरा समोर यायचा आणि ती दाभण जोरात खुपसायची.

समितीच्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून तिनं ठरवून टाकलं. नको म्हणायचं. ठरवल्यावर जरा बरं वाटलं. पुढच्या बाकावर वहिनीची वेगळीच कटकट चालू होती. घराची किल्ली सापडत नव्हती. कुलूप तसंच लटकत ठेवून तिनं दार दोरीनं बांधलं होतं.

"काल रात्री खिळ्याला होती. मी स्वतः लावली. भुतानं नेली का?"

खुंटा बसच्या छताकडे बघत होता. "सापडेल गं," तो म्हणाला.

समितीची खोली लांबलचक बोळाच्या टोकाला होती. भिंतीलगत बाकडं, वर खडखडणारा पंखा. आधी खुंट्याला बोलावलं, तो भिंतीला धरून धरून आत गेला आणि बऱ्याच वेळानं तसाच बाहेर आला. मग वहिनीला. ती आत जाऊन दार बंद झालं, तसा खुंटा मुंगळ्याजवळ सरकला. त्यानं आपल्या सदऱ्यात हात घातला आणि मुंगळ्याच्या खिशात काहीतरी सोडलं. खिसा थोडा लोंबला.

मुंगळ्यानं वरून चाचपलं. "घराची?"

"दुसरं काय आहे माझ्याकडं? तंबाखू बंद. चष्मा सहीला लागतो."

"अजून कुठं उतरतोय मी? आज नुसतं विचारणार आहेत."

"आज काठावर बसलास ना? मग आजच." खुंट्याला बोलताना धाप लागत होती. "तू वर आलास तरच मला घरी जाता येईल. नीट ठेव."

सुतळी शेजारीच होती. तिनं हे सगळं बघितलं. वहिनी बाहेर आली आणि शिपायानं मुंगळ्याला हाक मारली. तो आत जाताना तिनं त्याच्या सदऱ्याची मागची बाजू बघितली. घामानं पाठीला चिकटली होती. विहिरीत उतरताना त्याला कधी घाम येत नसे.

थोडा वेळ झाला, आणखी झाला. आतून आवाज वाढला. मग दार उघडलं आणि शिपाई म्हणाला, "बाई, तुम्ही. लगेच."

आत लांब टेबलामागे काही माणसं बसली होती. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई. कोपऱ्यात कॅमेरा लावलेला. टेबलाच्या बरोबर मध्यावर, कागदांवर, खुंट्याच्या घराची किल्ली होती. मुंगळा खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही बाहेर बसा," मधल्या बाई त्याला म्हणाल्या.

तो उठला. सुतळीजवळून जाताना थांबला. "मी सांगायला गेलो," तो पुटपुटला, "पण मला सांगताच येईना." मग शिपायानं त्याला बाहेर नेलं.

मधल्या बाईंनी तिला बसायला सांगितलं. आवाज कठोर नव्हता, पण मऊही नव्हता. "आम्ही तुमच्या नवऱ्याला विचारलं, रुग्णाकडून तुम्ही काही घेतलंय का. ते म्हणाले, हो, घेतलंय. आणि ही किल्ली काढून ठेवली. घराची आहे म्हणाले. नंतर विहिरीचं काहीतरी सांगत होते, ते आम्हाला समजलं नाही."

बाजूला बसलेले एक गृहस्थ पुढे वाकले. "रुग्णाला मूलबाळ नाही. घर तुमच्या नावावर होणार आहे का? खरं सांगा. तुम्हाला काही होणार नाही. पण असा व्यवहार असेल तर आम्ही मंजुरी देऊ शकत नाही."

सुतळीनं किल्लीकडे बघितलं. आता नको म्हणायचीसुद्धा गरज राहिली नव्हती. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. मान खाली घालायची, डोळ्यांत पाणी आणायचं, ते तर आलंच होतं. बाकीचं ही माणसं स्वतःच करतील. तिचं नाव येणार नाही. मुंगळा उद्या घरी असेल, परवा असेल, अंगावर एक टाका न पडता.

तिला गप्प बसावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. मांडीवर ठेवलेले हात तिनं आवळले, तेव्हा तळहाताच्या नव्या कातडीला ओढ बसली. विहिरीवर हात असाच उघडू पाहत होता. तेव्हा खाली आपला माणूस होता म्हणून धरला. आता खाली दुसऱ्याचा होता. वहिनी बाहेर बाकावर बसली होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"ती परत द्यायची आहे," सुतळी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "किल्ली परत द्यायची आहे, बाई. ती घेतलेली नाही. उतरणाऱ्याच्या खिशात वरच्यानं आपली वस्तू घालायची असते. वर आला की त्यानं ती परत करायची. या दोघांचं पहिल्यापासून तसंच आहे. माझे मालक मोकळ्या खिशानं उतरत नाहीत. मी एकदा दोर धरला, तर माझी दाभण घेऊन उतरले होते. एकदा तर भाऊजींचा दात नेला होता."

"दात?"

"पडलेला. तोही परत केला."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मधल्या बाई हसल्या नाहीत. त्या शिपायाला म्हणाल्या, "रुग्णाला आणि त्यांच्या पत्नीला पुन्हा आत घ्या. आणि त्या दोघांना बाहेर कुणाशी बोलू देऊ नका."

दोघं आत आली. खुंट्याला बसायला दिलं. वहिनीची नजर टेबलावर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

"ही इथं कशी?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. समिती, कॅमेरा, सरकार, सगळं ती विसरली. "तुम्ही घेतलीत! मी सकाळपासून घर खालीवर करतेय, चुलीतली राख चाळली मी, आणि तुम्ही बसमध्ये सापडेल गं म्हणता? दार दोरीनं बांधून आलेय मी! कुत्रं शिरलं असेल एव्हाना घरात!"

"अगं, हळू…"

"काय हळू! मागितली असती तर दिली नसती का?"

मधल्या बाईंनी हात वर केला, तेव्हा ती गप्प झाली आणि मग घाबरून सुतळीजवळ येऊन उभी राहिली. बाईंनी खुंट्याला विचारलं, "किल्ली का दिलीत?"

खुंट्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा. "मोकळ्या खिशानं सोडू का त्याला?" तो म्हणाला. "दोर धरता येत नाही मला आता. एवढं तरी करायला नको?"

टेबलामागची माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलली. मग दोघांना बाहेर पाठवून मधल्या बाई पुन्हा सुतळीकडे वळल्या. "तुम्ही आत्ता गप्प राहिला असतात तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग तुमची संमती आहे?"

"मला भीती वाटते."

"म्हणजे नाही?"

"भीती वाटते म्हणजे भीती वाटते," सुतळी म्हणाली.  "लई वाटते. झोप लागत नाही. पण नाही म्हणत नाही मी."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं आणि किल्ली उचलली. "ही कुणाला देऊ?"

"ज्याच्या खिशातली आहे त्याला," सुतळी म्हणाली.

काही दिवसांनी मंजुरी आली. शस्त्रक्रियेचा दिवस ठरेपर्यंत वहिनी दार दोरीनंच बांधत होती. मुंगळ्याकडे किल्ली मागायला ती एकदाही आली नाही.

त्या सकाळी आधी मुंगळ्याला नेलं. ढकलगाडीवर पडून तो फार लहान दिसत होता. अंगावर इस्पितळाचा हिरवा झगा होता, त्याला खिसा नव्हता. सुतळीला ते गाडी दारातून आत गेल्यावर उमगलं. तेवढ्यात नर्सनं तिच्या हातात कपड्यांचं गाठोडं दिलं. "यांचं सामान. आत काही नेता येत नाही."

गाठोड्यात सदरा होता आणि सदऱ्याच्या खिशात किल्ली.

ती दारापर्यंत धावली. "अहो बाई, एवढी तरी, नुसती उशाशी…" पण दार मिटलं होतं. थोड्या वेळानं दुसरी गाडी आली. खुंटा तिच्यावर होता. त्यानं सुतळीच्या मुठीकडे बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं, आणि त्यालाही आत नेलं.

आता दोघंही खाली होते. असं कधीच झालं नव्हतं. एक उतरला की एक वर, हे कधी चुकलं नव्हतं, आणि आज दोघंही खाली आणि दोघंही मोकळ्या खिशानं.  सुतळी बाकावर बसली. वहिनी शेजारी येऊन बसली. तिनं सुतळीची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. आत किल्ली आहे हे तिला माहीत होतं.  माणसं येत जात होती, फरशी पुसणारा त्यांच्या पायांभोवतीनं पुसून गेला, कुणीतरी चहा आणून ठेवला आणि त्यावर साय धरली. दर वेळी दार उघडलं की दोघी मान वर करून बघत होत्या.

मुंगळ्याला बाहेर आणलं तेव्हा त्याचा रंग राखेसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालंय. सुतळीला खरं वाटेना. ती खाटेशी बसून त्याची छाती वरखाली होते का ते बघत राहिली. दुपार कलली तसा त्याचा उजवा हात हलला. मांडीवरून कमरेकडे गेला, काहीतरी चाचपू लागला, सापडेना म्हणून पुन्हा चाचपू लागला.

"आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "माझ्याकडं आहे."

"दे…" त्याची जीभ जड होती. "त्याला दे."

"मी नाही देणार. तुम्ही घेतलीत, तुम्हीच द्यायची. उठा, चाला आणि तुमच्या हातानं द्या."

त्यानं डोळे मिटले. मग पुन्हा उघडले. "खुंट्याचं काय?"

याचंच तिला भय होतं. खुंटा काचेपलीकडच्या खोलीत होता. वहिनी काचेला नाक लावून उभी होती. नळी लावली होती, नळीच्या टोकाला पिशवी होती आणि पिशवी कोरडी होती. नवी किडनी लघवी तयार करू लागली की ती चालली असं समजायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मघाशी सुतळी जाऊन बघून आली तेव्हा दोन डॉक्टर पिशवीजवळ वाकून उभे होते आणि एक मान हलवत होता.

"बरे आहेत," ती म्हणाली.

मुंगळ्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. त्याला खोटं कळलं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. सुतळीनं ते पुसलं. एका माणसाचं पोट फाडून झालं, आणि आता दुसरा जायचाच असेल तर मी समितीत तोंड कशाला उघडलं, असं तिच्या मनात आलं. किल्ली तिनं इतकी आवळली होती की तिचे दाते तळव्यात रुतले होते.

बाहेर बोळात कुणीतरी धावत येत होतं. चपलांचा फटफट आवाज, मागून नर्सचं ओरडणं, "अहो, पळू नका इथं!" सुतळी उभी राहिली. तिला दाराकडे बघवेना.

वहिनी दारात आली. तिला धाप लागली होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिनं चौकट धरली.

"पाणी लागलं," ती म्हणाली. "अगं, लागलं! पिशवीत येतंय. आधी थेंब थेंब, आता धारच लागलीय."

 खाटेवरून मुंगळ्याचा खोल, अडखळता आवाज आला. विहिरीला पाणी लागलं की तो खालून जे विचारायचा तेच त्यानं विचारलं. "गोडं आहे का?"

"चाखून येऊ का, मुडद्या!" वहिनी म्हणाली आणि भिंतीला टेकून रडू लागली.

मुंगळ्याला हसू आलं, पण टाक्यांना ओढ बसली म्हणून त्यानं ओठ आवळले. मग उजवा हात पालथ्याचा उताणा करून त्यानं सुतळीपुढे धरला. किल्ली त्या हातावर ठेवायला तिनं मूठ उघडायला घेतली, तर ती उघडेना. दिवसभर दोर धरल्यासारखी बोटं आखडून गेली होती. दुसऱ्या हातानं एकेक बोट धरून तिला ती सरळ करावी लागली.